आधी फूटपट्टी दाखवा

महाराष्ट्राच्या किनारपट्टीची लांबी किती? गोंदियातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हा प्रश्न टाका. स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं पुस्तकातून मान वर न काढता सांगतील, ७२० किलोमीटर. तो किनारा इथून हजारेक किलोमीटरवर. बऱ्याच पोरांनी तो अजून पाहिलेलाही नाही. पण आकडा तोंडपाठ, कारण तो पाठ्यपुस्तकात आहे, गाईडात आहे आणि त्याला एक गुण आहे. हा आकडा नुसता चुकीचा असता तर खोडून नवा लिहिता आला असता. तो अर्थहीन आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

केंद्राच्या जुन्या यादीत हाच किनारा ६५२.६ किलोमीटर होता. गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ८७७.९७ झाला. किनारा एक, आकडे तीन. आणि दशांशचिन्हापुढची ती दोन घरं बघा! ज्या लांबीत सव्वादोनशे किलोमीटरची तफावत पडते, ती दहा मीटरपर्यंत नेमकी सांगायची हौस! साऱ्या देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला आणि ‘भारताचा किनारा वाढला’ म्हणून लोक हरखले. काय वाढलं? वाळूचा कणसुद्धा वाढला नाही. आधीचं मोजमाप सत्तरच्या दशकातलं, एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरचं. नवं एकास अडीच लाखाच्या नकाशावरचं. जुन्या नकाशात जी खाडी दिसतच नव्हती ती नव्यात दिसली आणि तिचे दोन्ही काठ बेरजेत आले. उद्या एकास पंचवीस हजाराचा नकाशा घ्या, आकडा आणखी फुगेल. खडकाखडकाला दोरी लावत दापोलीहून निघा, आणखी फुगेल.

म्हणजे प्रश्नच अर्धा आहे. ‘किती लांब’ विचारायच्या आधी ‘कुठल्या पट्टीने’ हे सांगावं लागतं. गाईडवाला पट्टी लपवतो आणि आकडा विकतो. माझं भांडण त्याच्याशी आहे. पण तो बिचारा किरकोळ दुकानदार. पट्टी लपवून मोठा व्यापार करणारे वेगळेच आहेत, त्यांच्याकडे येतोच.

ही गोष्ट पहिल्यांदा पकडली लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने. हवामानशास्त्रज्ञ, क्वेकर पंथाचा, युद्धाचा कट्टर विरोधक. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितक्या त्यांच्यात लढाया जास्त होतात का, हे त्याला तपासायचं होतं. त्यासाठी त्याने सीमांचे आकडे गोळा केले आणि ते जुळेनात. स्पेन म्हणे, पोर्तुगालशी आमची सीमा ९८७ किलोमीटर. पोर्तुगाल म्हणे, १,२१४. हॉलंड म्हणे ३८०, बेल्जियम म्हणे ४४९. आपल्याकडे असं झालं असतं तर चौकशी समिती बसली असती. रिचर्डसनने वेगवेगळ्या मापाची पावलं टाकत नकाशे पुन्हा मोजले आणि बघितलं की पाऊल आखडलं की लांबी वाढते, आणि वाढते ती एका शिस्तीत. तो १९५३ साली गेला. त्याचा लेख १९६१ साली छापला गेला आणि धूळ खात पडला. तो उचलला गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉटने. १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने जगाला विचारलं, ब्रिटनचा किनारा किती लांब आहे?

मग मोजायचंच नाही का? अवश्य मोजायचं. लांबी मोजून उपयोग नाही, तर लांबी कुठल्या वेगाने फुगते ते मोजायचं. स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखने १९०४ साली एक रेघ काढून दाखवली होती. रेघेचे तीन सारखे भाग करा, मधला काढून तिथे दोन बाजूंचं शिखर उभं करा. तीनाच्या जागी चार तुकडे झाले. त्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच, पुन्हा तेच. आता पट्टी तिसऱ्या हिश्शाची घेतली की साध्या रेघेला तिप्पट पावलं लागतात, भरीव चौरस झाकायला नऊपट चौकटी लागतात, आणि या रेघेला चौपट. तीन आणि नऊच्या मधलं चार. म्हणून तिची मिती एक आणि दोनच्या मधली, सुमारे १.२६. ब्रिटनचा पश्चिम किनारा निघाला १.२५, दक्षिण आफ्रिकेचा गुळगुळीत किनारा १.०२. हा आकडा, एका पल्ल्यात का होईना, पट्टी बदलली तरी जागचा हलत नाही. पाठच करून घ्यायचं असेल पोरांकडून, तर हे करून घ्या.

या आकृत्यांचा गणितातल्या थोरामोठ्यांनीही आधी छळच केला. १८७२ साली वायरश्ट्रासने अशी अखंड रेघ मांडली की तिला कुठल्याच बिंदूवर स्पर्शिका काढता येत नाही. एर्मितसारखा दिग्गज १८९३ साली मित्राला लिहितो की असली फलनं म्हणजे एक शोचनीय रोगराई आहे आणि ती बघून आपण भीतीने तोंड फिरवतो. इतरांनी त्यांना राक्षस म्हटलं, विकृती म्हटलं. अहो, ज्याला विकृती म्हणता ती फुलकोबी तुमच्या ताटात होती! खिडकीबाहेर ढग होते, झाडं होती, छातीत फुप्फुस होतं. सगळं जग खडबडीत आणि यांची भूमिती मात्र इस्त्री केलेली. राक्षस कोण, ती रेघ की तिच्याकडे पाठ फिरवणारं गणित? मँडेलब्रॉटने १९७५ साली या मंडळींना फ्रॅक्टल हे नाव दिलं, १९८० साली आयबीएमच्या संगणकावर आता घरोघरी ओळखीचा झालेला तो संच छापून पाहिला, १९८२ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि वाळीत टाकलेले आकार गणितात परत आले.

परत आले ते सरळ भोंदूंच्या तावडीत.

दर वर्षी २८ फेब्रुवारी आली की शाळा-कॉलेजांत विज्ञान दिन होतो आणि एक वक्ता हमखास येतो. तुम्ही त्याला ओळखता. पडद्यावर पहिलं चित्र मँडेलब्रॉट संचाचं, निळं-जांभळं. दुसरं श्रीयंत्राचं. तिसरं खजुराहोच्या कंदारिया महादेवाचं. मग तो चष्मा काढतो, आवाज खर्जात नेतो आणि सांगतो, ‘पिंडी ते ब्रह्मांडी! जे पश्चिमेला १९७५ साली कळलं ते आपल्या ऋषींना हजारो वर्षं ठाऊक होतं.’ टाळ्या. पेढा. पुष्पगुच्छ. पोरांच्या वहीत एक ओळ गणिताची नाही.

खजुराहोच्या शिल्पकारांचा हक्क मी मुळीच नाकारत नाही. मोठ्या शिखराच्या अंगाला लहान शिखरं, त्यांच्या अंगाला आणखी लहान, ही रचना त्यांनी अकराव्या शतकात दगडात उभी केली आणि ती डोळे दिपवणारी आहे. एकच आकार वेगवेगळ्या मापांत पुन्हा घडवायचं त्यांचं कसब अस्सल होतं. पण कसब ही एक गोष्ट आणि मिती मोजणं ही दुसरी. श्रीयंत्रात त्रिकोणात त्रिकोण गुंतलेले आहेत, एवढ्यावरून ते फ्रॅक्टल होत नाही. कुठल्या पट्टीने, किती पायऱ्या, कुठल्या वेगाने? वक्त्याकडे उत्तर नाही. त्याला प्रश्नच ठाऊक नाही.

त्याच्या भाषणातला परमोच्च बिंदू काशीचा असतो. काशीच्या मंदिरात म्हणे हिऱ्याच्या तीन सुया आहेत, एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या, मोठीवर लहान अशा रचलेल्या. पुजारी रात्रंदिवस एकेक चकती हलवतात, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळ्या चकत्या दुसऱ्या सुईवर गेल्या की प्रलय. चाली लागतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. सेकंदाला एक चाल धरली तरी ५८ हजार कोटी वर्षांहून जास्त. गणित बरोबर आहे. मंदिर मात्र कधी नव्हतंच. ही कथा निघाली १८८३ साली पॅरिसमध्ये, लाकडी चकत्यांच्या एका खेळण्यासोबतच्या पत्रकातून! खेळणं काढलं एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने, आणि तेही स्वतःच्या नावाने काढलं नाही. डब्यावर नाव होतं ‘प्रोफेसर एन. क्लॉस, सयाम’. ल्युका मूळचा आमिएनचा. त्याच्या नावागावाची अक्षरं उलटीपालटी केली की क्लॉस आणि सयाम निघतात. कॉलेजाचं नाव छापलं होतं ‘ली-सू-स्त्यां’. तो ज्या सेंट-लुई शाळेत शिकवायचा तिचीच अक्षरं ढवळून काढलेलं. फ्रेंच माणसाने खेळणं खपावं म्हणून केलेला विनोद आमचा वक्ता छाती फुगवून पूर्वजांच्या नावावर जमा करतो! पूर्वजांचा याहून मोठा अपमान कोणता? त्यांनी जे खरोखर केलं ते वाचायचं नाही, आणि पॅरिसच्या खेळण्याचं पत्रक त्यांच्या गळ्यात अडकवायचं.

त्यांनी खरोखर काय केलं ते ऐका. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रश्न असा, की इतक्या अक्षरांचा चरण असेल तर त्यात लघु-गुरूंच्या किती मांडण्या होतील, आणि त्यांपैकी नेमके इतके गुरू असलेल्या किती. दहाव्या शतकात हलायुधाने त्यावरच्या टीकेत कृती स्वच्छ सांगितली. वर एक चौकट, तिच्याखाली दोन, तिच्याखाली तीन. कडांना एक लिहा, मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. हा मेरुप्रस्तार. पास्कालचा त्रिकोण म्हणून जग ज्याला ओळखतं तोच, पास्कालच्या आधी साडेसहाशेहून जास्त वर्षं. हे आपलं आहे, पुराव्यासकट आपलं आहे, आणि याच्यासाठी चष्मा काढून खर्जात बोलायची काही गरज नाही. खडू पुरे.

आता तो खडू घ्या. खरंच घ्या, वाचून सोडू नका. पहिली ओळ १. दुसरी १, १. तिसरी १, २, १. चौथी १, ३, ३, १. पाचवी १, ४, ६, ४, १. प्रत्येक विषम आकड्याला रंग लावा, सम तसाच सोडा. चौथी ओळ सगळी रंगते. पाचवीत फक्त दोन टोकं रंगतात, मध्ये भगदाड. ते भगदाड खाली निमुळतं होत जातं आणि आठव्या ओळीत, १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १, पुन्हा सगळं भरतं. नवव्या ओळीत परत फक्त टोकं, आणि यावेळी भगदाड मोठं. बेरीज करायला लागा. आठ ओळींत ३६ आकडे, त्यांत विषम २७. सोळा ओळींत १३६, विषम ८१. चौसष्ट ओळींत २,०८०, विषम ७२९. विषमांची संख्या दर दुपटीला नेमकी तिप्पट होते, पण त्रिकोण त्याहून वेगाने वाढतो, म्हणून रंगाचं प्रमाण तीन-चतुर्थांशावरून जवळजवळ एक-तृतीयांशावर उतरलं. पुढे जा, ते शून्याकडे जाईल. मोठ्या त्रिकोणात तीन लहान त्रिकोण, मध्ये पोकळी. प्रत्येक लहानात पुन्हा तीन, पुन्हा पोकळी. १९१५ साली पोलंडच्या सिअरपिन्स्कीने मांडलेली आकृती आपल्या फळ्यावर उमटली. तिची मिती सुमारे १.५८५.

आणि आता तो ल्युका पुन्हा येतो. त्याच्या खेळण्यात तीन चकत्या घ्या. त्या तीन सुयांवर नियम पाळून किती प्रकारे बसतील? सत्तावीस. प्रत्येक स्थितीसाठी एक टिंब काढा, एका चालीत जिथून जिथे जाता येतं तिथे रेघ ओढा. समोर कोण उभं राहतं? तोच भोकाभोकांचा त्रिकोण! चार चकत्यांना ८१ टिंबं, सोळा ओळींतल्या विषम आकड्यांइतकी. मेरुप्रस्तारातला कुठला आकडा सम, कुठला विषम, हे बेरजा न करता सांगणारा सिद्धांतही १८७८ साली याच ल्युकाने मांडलेला. म्हणजे श्लोकातले लघु-गुरू, सुयांवरच्या चकत्या आणि पोलंडची पोकळ आकृती, तिघांचा नकाशा एक. कुणी ठरवून केला नाही, कुणी कुणाची नक्कल केली नाही. मला विचाराल तर गणितात याहून थरारक काही नाही. हे सातवी-आठवीच्या मुलीला एका दुपारी हाताने सापडू शकतं. आणि वक्ता तिला काय देतो? ‘पिंडी ते ब्रह्मांडी’! सापडण्याचा आनंद हिसकावून घेतो आणि हातात अभिमान ठेवतो. मी याला चोरी म्हणतो.

याच गोतावळ्यातली दुसरी जात म्हणजे ‘निसर्गात सगळीकडे फ्रॅक्टलच’ म्हणणारे. शंख दिसला, फ्रॅक्टल. सूर्यफूल दिसलं, फ्रॅक्टल, आणि सोबत सुवर्णगुणोत्तर फुकट. यांना १९९८ सालचा ‘सायन्स’मधला एक लेख वाचायला द्या. चार संशोधकांनी भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांतले, प्रयोगाने फ्रॅक्टल सापडल्याचं सांगणारे ९६ अहवाल तपासले. किती मोठ्या पल्ल्यात ती सारखेपणाची शिस्त खरोखर मोजली होती? सरासरी सुमारे वीसपट. म्हणजे सर्वांत लहान पट्टी एक सेंटिमीटर तर सर्वांत मोठी वीस सेंटिमीटर. त्यापलीकडे बहुतेक वेळा नुसता विश्वास. नेचाचं पान तीन-चार पायऱ्यांत संपतं. फुप्फुसातली श्वासनळी सुमारे तेवीस वेळा दुभंगते आणि थांबते. निसर्गातल्या प्रत्येक फ्रॅक्टलला वरचं टोक असतं आणि खालचं टोक असतं. ती दोन टोकं सांगणं म्हणजे विज्ञान. ती पुसून टाकून ‘अनंत, अनंत’ करत डोळे मिटणं म्हणजे कीर्तन, आणि चांगला कीर्तनकारसुद्धा याहून जास्त तयारी करून उभा राहतो.

आता आमच्या जिल्ह्यात या. इथे हा वाद पोटापाण्याचा आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. दोघं मिळून तलावांचा मुलूख. बाघ, चुलबंद, गाढवी, सगळ्या शेवटी वैनगंगेला मिळतात. नद्यांची ही फांदीफांदी मोजायची रीत हॉर्टनने १९४५ साली घालून दिली. सर्वांत लहान ओहोळ पहिल्या श्रेणीचे, ते जुळले की दुसरी श्रेणी, आणि प्रत्येक वरच्या श्रेणीत प्रवाहांची संख्या साधारण तीन ते पाच पटींनी घटते. हे जगभर दिसतं, आमच्याकडेच दिसतं असं नाही. आमचं खास आहे ते या फांद्यांवर माणसांनी बांधलेलं पाणी.

पावसाळ्यात, रोवणी झाल्यावर, नवेगावबांधकडच्या कुठल्याही जुन्या तलावाच्या पाळीवर उभे राहा. पायाखाली धानाची बांधी. चारी बाजूंनी धुरा, आत घोटाभर पाणी, आणि एका कोपऱ्यात धुऱ्याला फावड्याने पाडलेलं तोंड. त्यातून पाणी खालच्या बांधीत उतरतं. ती भरली की तिच्या खालच्या. बांध्यांच्या डोक्यावर कुठेतरी बोडी. तिलाही मातीची पाळ, आत पाणी, जास्तीचं बाहेर पडायला वाट. बोड्यांच्या वर तलाव. तीच पाळ, तेच पाणी, तोच सांडवा, फक्त आकार मोठा. त्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या गावाच्या तलावात. कोहळी समाजाने शतकानुशतकं ही मांडणी केली. खुद्द नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. विस्तार सुमारे अकरा चौरस किलोमीटर. बांधीची बाजू तीसेक मीटर धरा, नवेगावबांधची तीनेक किलोमीटर. शंभरपट पल्ला, आणि रचना तीच. भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या सरासरी वीसपटीच्या पाचपट! वक्त्याने एवढ्या लांब खजुराहोला जायचं कारण काय? पाळीवर उभं राहून खाली बघायचं.

अर्थात, मी म्हणतो म्हणून मानू नका, मोजा. जिल्ह्याचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा घ्या, त्यावर चौकटी आखा, पाणी असलेल्या चौकटी मोजा. चौकटीची बाजू अर्धी करा, पुन्हा मोजा. पुन्हा अर्धी. संख्या कुठल्या पटीने वाढते ते लिहा. नववीच्या वर्गाला आठवडाभराचं काम, खर्च पेन्सिलीचा.

आता विचारा, जिल्ह्यात तलाव किती? अर्जुनी मोरगावकडच्या म्हाताऱ्याला विचारलंत, ‘आजोबा, तुमच्या गावात तलाव किती जी?’, तर तो उलट विचारेल, ‘बोड्या धरून का सोडून?’ अख्खं रिचर्डसनचं शास्त्र या एका प्रश्नात आहे. त्याने पट्टी मागितली! सरकारी अहवालांतला आकडा मात्र आपल्यापर्यंत पट्टीशिवायच पोचतो. २०११ सालच्या राष्ट्रीय पाणथळ ॲटलासात देशभरात ७,५७,०६० पाणथळ जागा. २०२३ साली जाहीर झालेल्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेत २४,२४,५४० जलसाठे. व्याख्या वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या. पण भाषणात आणि बातमीत आकडा येतो तो नागवाच, व्याख्येशिवाय आणि पट्टीशिवाय.

त्या ॲटलासाची पट्टी मात्र छापलेली आहे, वाचली पाहिजे. सव्वादोन हेक्टरांहून लहान पाणथळ जागा त्यात नुसता ठिपका म्हणून येते. साडेसात लाखांतल्या ५,५५,५५७ जागा अशा ठिपके आहेत. उपग्रहाच्या त्या प्रमाणाच्या नकाशाला ते करावंच लागतं, ॲटलास करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. दोष आहे ठिपक्याला वस्तुस्थिती समजणाऱ्याचा. ठिपक्याला लांबी नाही, रुंदी नाही, काठ नाही. आणि आमची बोडी सगळी काठातच आहे.

कशी, ते सांगतो. शंभर हेक्टरांचा एक चौकोनी तलाव घ्या. बाजू एक किलोमीटर, काठ चार किलोमीटर. त्याऐवजी एकेका हेक्टराच्या शंभर बोड्या घ्या. पाण्याचा विस्तार तेवढाच, काठ चाळीस किलोमीटर. दहापट! दहा-दहा आरांच्या हजार बांध्या घ्या, धुरे सामाईक म्हणून अर्धे धरले तरी धुरा साठ किलोमीटरांहून जास्त. गोंदियाहून नवेगावबांधला जाण्याइतका धुरा, एका चौरस किलोमीटरात. आणि जिवंत जे आहे ते काठावर आहे. मासळीची पिल्लं उथळात वाढतात. गुरं काठाला उतरतात. सारस पक्षी, जे महाराष्ट्रात आता जवळजवळ आमच्याच जिल्ह्यात उरलेत, तळ्याच्या मधोमध तरंगत नाहीत, ते धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ दलदलीत घरटं करतात. ‘क्षेत्रफळ तेवढंच आहे ना’ म्हणून एका मोठ्या तलावाच्या बदल्यात शंभर बोड्या जाऊ देणारा अधिकारी नऊ-दशांश काठ घालवून बसतो आणि त्याच्या तक्त्यात एक आकडाही हलत नाही.

वर सौंदर्यीकरण! शहराजवळचा तलाव दिसला की त्याला सिमेंटची सरळ भिंत, फरशी, रंगीत दिवे, नावाची पाटी. वेडावाकडा, दलदलीचा, गवताळ काठ म्हणजे यांना गबाळेपणा वाटतो. एर्मितने भीतीने तोंड फिरवलं ते वहीतल्या रेघेपासून. त्याने निदान बुलडोझर मागवला नाही. काठ सरळ केला की त्याची मिती एकावर येते आणि उथळ पट्टा संपतो. मग पुढच्या वर्षी ‘पक्षी का येत नाहीत’ यावर कार्यशाळा.

आता या पाण्याचा मालक कोण ते बघा. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, गावाकडे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या वापराचे, हक्क राहिले. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून जास्त. पुढे सिंचनक्षमतेच्या हेक्टरांवरून त्यांची वाटणी झाली, लहान जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे. बोडी शेतकऱ्याकडे, धुरा ज्याचा त्याच्याकडे. वरच्या तलावाचा सांडवा एका खात्याच्या फायलीत आणि ते पाणी जिथे उतरतं तो खालचा तलाव दुसऱ्याच खात्याच्या फायलीत. वरून खालपर्यंत एकाच पाण्याची ही रचना आहे, हे कागदावर कुठेच दिसत नाही, कारण प्रत्येक टेबलावर वेगळी पट्टी आहे आणि ती सगळी मंडळी आपलीच पट्टी म्हणजे तलाव समजतात.

माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या तलावांची जी यादी निघेल तिच्या पहिल्या पानावर छापा, सर्वांत लहान किती आकाराचं पाणी यात धरलं आणि त्याखालचं किती सोडलं. काठाला भिंत घालायच्या प्रत्येक अंदाजपत्रकात लिहा, आज काठ किती मीटर आहे, भिंतीनंतर किती उरेल आणि दोन्ही वेळी पट्टी कितीची होती. बोडी बुजवून प्लॉट पाडायची परवानगी देताना ती कुठल्या बांध्यांना आणि कुठल्या तलावाला पाणी देत होती, त्यांची नावं सर्व्हे क्रमांकासकट नोंदवा. आणि हे ज्याला जमत नाही त्याला पुढच्या विज्ञान दिनी अध्यक्ष करू नका.